जिवाणूचा दोर आणि त्याची ओढ

विहिरीवर पाणी शेंदताना दोर हातातून निसटला आणि बादली तळाला गेली, की पूर्वी गावात कुणाकडे तरी असलेला लोखंडी गळ मागून आणला जात असे. अनेक आकड्यांचा तो गळ दोराला बांधून पाण्यात सोडायचा, तळाशी इकडेतिकडे फिरवायचा, आणि काहीतरी अडकल्याचे हाताला जाणवले की दोर सावकाश वर ओढायचा. आकड्यात बादली सापडली असेल तर ती वर येते. पण गळ तळाच्या खडकात रुतला असेल तर ओढणाऱ्यालाच काठावर पुढे झुकावे लागते. दोर तोच आणि ओढही तीच. वस्तू माणसाकडे येणार की माणूस वस्तूकडे खेचला जाणार, हे टोकाला काय अडकले आहे एवढ्यावरच ठरते.

काही जिवाणू नेमके हेच करतात. त्यांच्या अंगातून एक अतिशय बारीक तंतू बाहेर येतो, त्याचे टोक कशाला तरी धरते आणि मग तो तंतू आत ओढला जातो. टोकाने घट्ट पृष्ठभाग धरला असेल तर जिवाणू पुढे सरकतो. टोकाने पाण्यात सुटा पडलेला डीएनएचा तुकडा धरला असेल तर तो तुकडा जिवाणूच्या दारापर्यंत येतो, आणि पुढे त्याच्या आनुवंशिक मजकुराचा भागही बनू शकतो. चालणे आणि परके जनुक मिळवणे ही दोन अगदी वेगळी वाटणारी कामे एकाच यंत्राने, एकाच ओढीने होतात, ही गोष्ट मला सूक्ष्मजीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

जिवाणूच्या अंगावरचे सगळे तंतू एका जातीचे नसतात, ही गल्लत सुरुवातीलाच दूर केलेली बरी. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात जिवाणूला शेपटीसारखी जी नागमोडी रेघ काढलेली असते ती कशाभिका. ती मुळाशी असलेल्या मोटरवर गोल फिरते आणि बोटीच्या पंख्याप्रमाणे जिवाणूला द्रवातून ढकलते. दुसरे तंतू त्याहून बरेच बारीक असतात. लॅटिनमधल्या 'केस' या अर्थाच्या शब्दावरून अशा एका तंतूला पिलस आणि अनेकांना पिलाय म्हणतात. पिलायचेही पुष्कळ प्रकार आहेत. मूत्रमार्गाला संसर्ग करणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंचे काही पिलाय केवळ चिकटून राहण्याच्या कामाचे असतात आणि एकदा बाहेर आले की परत आत जात नाहीत. या लेखाचा विषय आहे तो संशोधक ज्यांना टाइप फोर, म्हणजे चौथ्या प्रकारचे पिलाय म्हणतात त्यांचा. ते बाहेर येतात तसे आतही जातात, आणि त्यांची सगळी करामत या आत जाण्यात आहे.

मापाचा अंदाज यावा म्हणून पटकीचा जिवाणू, म्हणजे व्हिब्रिओ कॉलरी, दहा लाख पट मोठा केला असे समजू. मूळचा साधारण २ मायक्रोमीटर लांबीचा हा जिवाणू आता २ मीटर लांब, अर्ध्या मीटरच्या आसपास जाड, किंचित वाकलेला ओंडका होईल. त्याच्या अंगातून निघालेला पिलस ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे करंगळीहून बारीक दोर असेल आणि तो मीटर-दोन मीटर, कधी त्याहूनही लांब जाईल. पाण्यात तरंगणारा डीएनए याच मापाने २ मिलिमीटर जाडीची सुतळी ठरेल, आणि हजार अक्षरांचे एक जनुक या सुतळीच्या सुमारे ३४ सेंटीमीटरमध्ये मावेल. ओंडका, दोर आणि सुतळी ही तीन मापे लक्षात ठेवली तर पुढचे सगळे सोपे जाते.

हा दोर पिलिन नावाच्या प्रथिनाच्या हजारो रेणूंचा बनलेला असतो. व्हिब्रिओसारख्या जिवाणूला दोन पटले असतात, एक आतले आणि एक बाहेरचे, आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद पोकळी असते. पिलिनचे सुटे रेणू आतल्या पटलात शेपूट खोचून तयार बसलेले असतात. पिलसच्या मुळाशी पिल-बी नावाचे प्रथिन मोटरचे काम करते. एटीपी या पेशीच्या इंधनावर ती मोटर चालते आणि पटलातला एकेक रेणू उचलून दोराच्या बुडाशी बसवते. प्रत्येक नव्या रेणूमुळे दोर साधारण १ नॅनोमीटरने वर सरकतो आणि बाहेरच्या पटलातल्या एका गोल दारातून बाहेर पडतो. या दाराचे नाव पिल-क्यू. दोर त्यातून जेमतेम जाईल एवढेच ते रुंद असते.

आत ओढताना पिल-बीची जागा पिल-टी नावाची दुसरी मोटर घेते. येथे राहाटाची कल्पना सोडून द्यावी लागते, कारण दोर कशावरही गुंडाळला जात नाही. तो मुळाशी उकलतो. एकेक पिलिन सुटा होऊन पुन्हा पटलात जाऊन बसतो आणि पुढच्या दोरासाठी उपलब्ध राहतो. घायपाताच्या वाखाचा दोर वळणाऱ्या माणसाने दोराचे पुढचे टोक कशाला तरी अडकवावे, मग मागच्या टोकाने तोच दोर उकलत वाख पुन्हा ढिगात टाकावा आणि तसे करता करता स्वतः पुढे खेचला जावा, असा हा प्रकार आहे. त्या वाखाचा पुन्हा नवा दोर होतो, आणि यात वाया जवळजवळ काही जात नाही.

या ओढीत जोर किती असतो, हे २००० साली अलेक्झांडर मर्झ, मॅग्डालीन सो आणि मायकेल शीट्झ यांनी परमा या लैंगिक रोगाच्या जिवाणूवर मोजून दाखवले. त्यांनी लेझर किरणांचा चिमटा वापरला. प्रकाशाच्या एकवटलेल्या झोतात एवढासा जिवाणू पकडून ठेवता येतो, आणि तो झोताच्या मध्यापासून किती बाजूला खेचला गेला यावरून त्याच्यावर पडलेल्या ओढीचा हिशेब करता येतो. पिलस आत जाताना जिवाणू झोतातून खेचला जाताना दिसला. पिल-टी नसलेल्या जिवाणूंत मात्र अशी ओढ दिसली नाही. पुढच्या मोजमापांत एकेका पिलसची ओढ १०० पिकोन्यूटनच्या वर भरली. हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही, म्हणून दोन तुलना देतो. आपल्या पेशींमध्ये सामान वाहून नेणारे कायनेसिन हे प्रथिन ५ ते ७ पिकोन्यूटनच्या आसपास दमते. आणि एका जिवाणूचे वजन पिकोन्यूटनच्या शंभराव्या भागाएवढे धरले, तर एक बारीक दोर जिवाणूच्या वजनाच्या दहा हजार पट भार ओढू शकतो. वेग सेकंदाला सुमारे १ मायक्रोमीटर, म्हणजे दर सेकंदाला हजाराच्या घरात पिलिन सुटे होतात. आपल्या मोठ्या केलेल्या चित्रात हा दोर सेकंदाला मीटरभर आत जात असेल.

आता चालण्याकडे येऊ. परम्याच्या जिवाणूला कशाभिका नसतेच. पृष्ठभागावर सरकायचे तर त्याच्यापाशी हे दोरच आहेत. त्याच्या गोलसर अंगातून चहूबाजूंनी दोर निघतात, प्रत्येक दोर आपल्या दिशेने ओढतो, आणि जिवाणूची गती ही एक अखंड रस्सीखेच होते. ज्या बाजूला जास्त दोर घट्ट धरून आहेत त्या बाजूला तो सरकतो. एखादा दोर सुटला की झटक्यात दिशा बदलतो. म्हणूनच ही चाल सलग न दिसता आचके दिल्यासारखी दिसते आणि तिला इंग्रजीतून आलेले ट्विचिंग हे नाव पडले. या आचक्यांचे वर्णन १९६१ मध्ये लाउट्रॉप यांनी ज्या जिवाणूंत केले ते आज असिनेटोबॅक्टर या गणात मोडतात, आणि त्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी 'न हलणारा' असा आहे. कशाभिका दिसत नाही म्हणजे हालचाल नाही, अशी समजूत नाव देताना होती. ती किती सहज होण्यासारखी होती हे उघड आहे, कारण हे दोर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाहीत.

दोर दिसले नाहीत तरी त्यांची चाल मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. पेट्री डिशमध्ये अगर नावाच्या जेलीसारख्या पदार्थाचा पातळ थर ओततात, टूथपिकच्या टोकावर सुडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूची थोडी वाढ घेतात आणि ते टोक अगरमधून थेट तळाच्या प्लॅस्टिकला टेकेपर्यंत खुपसतात. डिश एक-दोन दिवस उबेत ठेवली की जिवाणू अगर आणि प्लॅस्टिक यांच्यामधल्या ओलसर फटीत पसरत जातात. मग अगरची चकती अलगद सोडवून बाजूला काढायची, तळावर क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग घालायचा आणि थोड्या वेळाने पाण्याने धुऊन टाकायचा. खुपसलेल्या बिंदूभोवती फिकट जांभळे वर्तुळ उमटलेले दिसते. शेजारच्या डिशमध्ये पिल-टी नसलेले जिवाणू खुपसले असतील तर तेथे केवळ एक गडद ठिपका असतो. त्या ठिपक्यातल्या जिवाणूंच्या अंगावर दोरांची कमतरता नसते, उलट नेहमीपेक्षा जास्तच दोर असतात, कारण बाहेर आलेला दोर आत घ्यायला मोटर नाही. पिलसचे काम नुसते असण्यात नाही, मागे जाण्यात आहे, हे इतक्या साध्या रीतीने दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

प्रत्यक्ष दोर बाहेर येताना आणि आत जाताना पाहण्याचा मान जेफ्री स्कर्कर आणि हॉवर्ड बर्ग यांना २००१ मध्ये मिळाला. त्यांनी सुडोमोनासच्या अंगाला चमकणारा रंग जोडला आणि पिलाय सेकंदाला सुमारे अर्धा मायक्रोमीटर या वेगाने लांबताना, टोकाशी चिकटताना आणि आखडताना टिपले. तोपर्यंत दोर आखडतो ही गोष्ट तर्काने आणि आडवळणाच्या पुराव्यांनी मांडली जात होती.

दोराच्या ओढीतून जिवाणूला आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे आपण पाण्यात मोकळे आहोत की कशाला टेकलो आहोत. गळ टाकणाऱ्याला दोर ताणला गेला की तळ लागल्याचे कळते, तसेच हे आहे. काउलोबॅक्टर नावाचा पाण्यातला जिवाणू पृष्ठभागाला टेकला की एक विलक्षण चिवट डिंक तयार करून तेथेच कायमचा बसतो. कोर्टनी एलिसन, ईव्ह ब्रून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याच्या पिलायला एक बोजड रेणू चिकटवला, ज्यामुळे दोर दारातच अडकला आणि आत येईना. जिवाणू मोकळ्या पाण्यात होता, आसपास पृष्ठभाग नव्हता, तरीही त्याने डिंक काढला. दोर ओढूनही येत नाही, एवढीच खूण त्याला जमीन लागल्याचे समजायला पुरली.

डीएनए घेण्याच्या गोष्टीचा आरंभ मात्र याच्या कितीतरी आधी, १९२८ मध्ये लंडनमध्ये झाला. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाचे निरुपद्रवी जिवंत जिवाणू आणि उष्णतेने मारलेले घातक जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जिवाणू सापडले. मेलेल्यांचा गुण जिवंतांनी उचलला होता. ज्या पदार्थातून हा गुण गेला तो डीएनए आहे, हे ओस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवले. आनुवंशिकतेचा पदार्थ कोणता, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले आणि साऱ्यांचे लक्ष साहजिकच तिकडे गेले. पण एक साधा यांत्रिक प्रश्न मागे राहिला. बाहेर पडलेली एवढी लांब, ताठर सुतळी जिवाणूच्या बंद अंगात शिरते कशी? न्यूमोनियाच्या जिवाणूवर असा डीएनए धरणारा पिलस असतो, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. म्हणजे ग्रिफिथ यांच्या प्रयोगानंतर तब्बल ८५ वर्षांनी.

या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर उलगडले ते पटकीच्या जिवाणूमुळे. व्हिब्रिओ कॉलरी आपल्याला रोगामुळे माहीत आहे, पण त्याचे खरे घर खाडीचे आणि नदीमुखाचे निमखारे पाणी. तेथे तो कोळंबी, खेकडे आणि कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी प्लवक यांच्या अंगावर राहतो. त्यांचे कवच कायटिनचे असते आणि हा जिवाणू ते कायटिन खातो. गॅरी स्कूलनिक यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये दाखवले की कायटिनवर वाढताना हा जिवाणू डीएनए घेण्यास समर्थ होतो. कवचाची चाहूल लागली की डीएनए धरणारे पिलाय आणि त्यापुढची सारी यंत्रणा तयार होऊ लागते. याला कारणही दिसते. कवचावर जिवाणूंची दाटी असते, आणि दाटीत मेलेल्यांचा डीएनएही हाताशी असतो.

अंकुर दालिया यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने एलिसन आणि ब्रून यांच्याबरोबर २०१८ मध्ये जे केले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. त्यांनी पिलिनमधले एक अमिनो आम्ल बदलून तेथे सिस्टीन बसवले. सिस्टीनला एक ठरावीक रसायन पक्के चिकटते, आणि त्या रसायनाला चमकणारा रंग जोडता येतो. त्यामुळे जिवंत जिवाणूचा पिलस सूक्ष्मदर्शकाखाली लखलखीत दिसू लागला. डीएनएला त्यांनी दुसऱ्या रंगाने चमकवले. मग चित्रफितीत दिसते ते असे, की जिवाणूच्या कडेतून एक रेघ बाहेर येते, तिचे टोक डीएनएच्या ठिपक्याला लागते, रेघ आखडू लागते, ठिपका टोकाबरोबर फरफटत पेशीच्या कडेशी येतो आणि नंतर आत शिरतो. डीएनए दोराच्या मधल्या अंगाला न चिकटता टोकालाच धरला जातो. टोकाची ही पकड बिघडवली तर डीएनए आत जाणे कोसळते. आणि बोजड रेणू चिकटवून दोर दारात अडकवला तर ते थांबतेच. टोकाने धरणे आणि मोटरने ओढणे, दोन्ही हवेत.

टोकाचे महत्त्व समजण्यासाठी पुन्हा दहा लाख पट मोठ्या चित्राकडे जाऊ. पिल-क्यूचे दार दोराएवढेच, म्हणजे काही मिलिमीटर रुंद आहे. डीएनएची सुतळी २ मिलिमीटर जाड असली तरी ती मऊ नाही. तिचा पाच सेंटीमीटरचा तुकडा जवळजवळ तारेसारखा ताठ राहतो. अशी ताठर तार आंधळेपणाने दारावर आपटत राहिली तर आत शिरण्याचा योग क्वचितच यायचा. दोर मात्र त्याच दारातून बाहेर गेलेला आहे आणि त्याच दारातून आत येणार आहे, त्यामुळे त्याच्या टोकाला धरलेली सुतळी आपोआप दाराच्या तोंडाशी येते. सुईच्या नेढ्यात आधी एक ताठ तार घालून, तिच्या टोकाला दोरा अडकवून ती मागे ओढावी, तसा हा उपाय आहे.

दाराच्या आत आल्यावर दोराचे काम संपते. दोन पटलांमधल्या पोकळीत कॉम-ईए नावाचे प्रथिन डीएनएला धरून बसते आणि आत आलेला भाग बाहेर घसरू देत नाही. पाण्यातला डीएनए सतत हेलकावत असतो; त्यातला प्रत्येक आतला हेलकावा कॉम-ईए पकडून ठेवते आणि बाहेरचा अडवते, त्यामुळे सुतळी टप्प्याटप्प्याने आत गोळा होते. पुढे आतल्या पटलातल्या कॉम-ईसी या मार्गाने डीएनएच्या दोन पदरांपैकी एकच पदर पेशीत जातो. तेथे त्याच्याशी जुळणारा मजकूर जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएत सापडला, तर रेक-ए नावाचे प्रथिन जुन्या मजकुराच्या जागी नवा बसवण्याचे काम सुरू करते.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. पिलस ही पोकळ नळी आहे आणि तिच्यातून डीएनए वाहत येतो, असे पुष्कळांना वाटते. चौथ्या प्रकारचा पिलस भरीव असतो, त्यात वाट नाही. हा गैरसमज बहुधा संयुग्मनामुळे होतो. त्यात एक जिवंत जिवाणू दुसऱ्या जिवंत जिवाणूला आपला डीएनए देतो, आणि तेथला एफ पिलस खरोखरच पोकळ असतो. ती यंत्रणा वेगळी, तिचा पिलसही वेगळा. संयुग्मनात देणारा पुढाकार घेतो. आपल्या गोष्टीत घेणारा.

घेणारा काय वाटेल ते घेतो का, तर सगळे घेत नाहीत. परम्याचा जिवाणू आणि त्याचे भाऊबंद सुमारे दहा अक्षरांची एक ठरावीक खूण असलेला डीएनए पसंत करतात, आणि ही खूण त्यांच्या स्वतःच्या जनुकसंचात सुमारे दोन हजार ठिकाणी पेरलेली असते. एवढ्या लांबीच्या जनुकसंचात दहा अक्षरांचा एखादा क्रम निव्वळ योगायोगाने चार-पाच वेळाच यायला हवा. पिलसमधले कॉम-पी नावाचे एक छोटे प्रथिन ही खूण ओळखते, म्हणजे दोराच्या पातळीवरच आपल्या नात्यातला डीएनए निवडला जातो. व्हिब्रिओ कॉलरी अशी निवड करत नाही. कोणाचाही डीएनए चालतो. त्याऐवजी तो दुसरी व्यवस्था करतो. मेलानी ब्लोकेश यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की कायटिनवर डीएनए घेण्याची तयारी ज्या इशाऱ्याने होते, त्याच इशाऱ्याने या जिवाणूचा विषारी भालाही सज्ज होतो. शेजारचा परका जिवाणू त्याने भोसकला जातो, फुटतो, आणि त्याचा ताजा डीएनए दोराच्या टप्प्यात येतो.

जिवाणू हा खटाटोप अन्नासाठी करतात, स्वतःच्या डीएनएची दुरुस्ती करण्यासाठी करतात की नव्या जनुकांसाठी, यावर संशोधकांत दीर्घ काळ वाद आहे. मला स्वतःला वाटते की एकच उत्तर शोधण्याचा हट्ट धरू नये. पण परिणामांकडे पाहिले तर जनुकांची देवघेव दुर्लक्षिता येत नाही. परम्याच्या जिवाणूत पेनिसिलिनला दाद न देणारी जी जनुके सापडली, त्यांतली काही गोधडीसारखी तुकड्यातुकड्यांची होती, आणि ते तुकडे माणसाच्या घशात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या त्याच्याच नातलग जिवाणूंचे होते. घशातल्या शेजाऱ्याचा मेल्यावर सुटा झालेला डीएनए दोराने ओढला गेला आणि औषध निकामी करणारा गुण त्याबरोबर आला, असा तो मार्ग.

भारताशी याचा सरळ संबंध आहे. १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये आणि पाठोपाठ कोलकात्यात व बांगलादेशात पटकीचा एक नवाच प्रकार उसळला. तोपर्यंतच्या मोठ्या साथी ओ-१ या गटाच्या जिवाणूंच्या होत्या आणि बंगालमधल्या प्रौढांना त्याची बरीचशी प्रतिकारशक्ती आलेली होती. या नव्या प्रकाराने मात्र प्रौढही मोठ्या संख्येने आजारी पडले. त्याला ओ-१३९ हे नाव मिळाले. तपासणीत दिसले की हा जिवाणू बहुतांशी जुन्याच साथीच्या जिवाणूसारखा होता. बदललेला होता तो बाहेरच्या आवरणाची साखर घडवणारा जनुकांचा गठ्ठा, म्हणजे आपले शरीर ज्यावरून शत्रू ओळखते तो अंगरखा. ब्लोकेश आणि स्कूलनिक यांनी २००७ मध्ये प्रयोगशाळेत खेकड्याच्या कवचावर ओ-१ जिवाणू वाढवून त्यांना ओ-१३९ चा डीएनए उपलब्ध करून दिला. काही ओ-१ जिवाणूंनी तो अख्खा गठ्ठा उचलला आणि एकाच पायरीत ओ-१३९ झाले. मद्रासच्या किनाऱ्यावर नेमके काय घडले याचा साक्षीदार कोणी नाही. पण कवचावर बसलेल्या जिवाणूला एका ओढीत नवा अंगरखा चढवता येतो, हे त्या प्रयोगाने ठरले.

पटकीच्या जिवाणूपाशी चौथ्या प्रकारचे दोर एकूण तीन तऱ्हांचे आहेत. एक पृष्ठभागाला टेकण्याच्या पहिल्या क्षणी उपयोगी पडतो. दुसरा माणसाच्या आतड्यात जिवाणूंना एकमेकांशी बांधून पुंजके करतो, आणि त्याचीच एक उलटी बाजू मॅथ्यू वॉल्डर व जॉन मेकालानोस यांनी १९९६ मध्ये उघड केली. कोलकात्यात शंभुनाथ दे यांनी १९५९ मध्ये ज्या विषाचे अस्तित्व सिद्ध केले, त्या पटकीच्या विषाचे जनुक मुळात एका विषाणूच्या अंगातून येते, आणि तो विषाणू जिवाणूत शिरताना हाच दुसरा दोर धरतो. तिसरा दोर डीएनए ओढणारा. ब्लोकेश यांच्या गटाला २०१९ मध्ये दिसले की कायटिनवर ठाण मांडण्यासाठीही हाच दोर लागतो आणि सारखे पिलिन असलेल्या जिवाणूंचे दोर एकमेकांत गुंतून त्यांची जाळी होते. पिलिन वेगळे असले तर दोर गुंतत नाहीत. दोरावरून आपला-परका ओळखला जातो.

कवचाला बांधून घेण्याची ही सवय बांगलादेशातल्या मतलब भागात माणसांच्या कामी आली. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६५ गावांत बायकांना नदी-तळ्याचे पाणी भरताना कळशीच्या तोंडावर जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या बांधायला शिकवले, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. वापरून वापरून विरलेल्या साडीचे सूत फुगते आणि घड्यांमधली भोके २० मायक्रोमीटरच्या आसपास येतात. २ मायक्रोमीटरचा एकटा जिवाणू त्यातून सहज निसटतो. कळशीबाहेर राहतो तो कोपेपॉडच्या पाठीला चिकटून बसलेला, ज्याच्या अंगातून त्या क्षणीही दोर बाहेर येत असतात आणि आत जात असतात.